हिंगण्यात पायदळ

कोराडीला पायी निघालेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की बाबा, तू ही प्रेरणा आणलीस कुठून. शारदीय नवरात्र बसलं की नागपूरच्या सगळ्या बाजूंनी माणसं पहाटेच्या अंधारात कोराडीच्या जगदंबेच्या दिशेनं पायदळ निघतात. कोणी अनवाणी, कोणाच्या पायात साधी स्लीपर, कोणाच्या कडेवर झोपलेलं मूल. हिंगण्याहून निघायचं तर अख्खं शहर मध्ये आडवं येतं, कारण हिंगणा नागपूरच्या नैर्ऋत्येला आणि कोराडी उत्तरेला. तरी माणसं जातात. वाटेत चहा, पाणी आणि फराळ घेऊन अनोळखी लोक उभे असतात. पाय दुखतात, पण परत फिरण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

दसरा झाला की यातलीच कितीतरी माणसं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गाडीवर जाऊ लागतात. डॉक्टरनं चिठ्ठीवर औषधांच्या खाली ‘रोज अर्धा तास चालणे’ असं लिहिलेलं असतं. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात आणि शेवटची ओळ मात्र तशीच राहते. घरचे म्हणतात, इच्छाशक्ती नाही. तो माणूसही मान खाली घालून तेच म्हणतो. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि त्यामुळे फार माणसांचं नुकसान होतं असंही वाटतं. नवरात्रात ज्याच्या अंगी तेवढं बळ होतं, त्याचं ते बळ चार दिवसांत जात नाही. कोराडीच्या वाटेवर तारीख ठरलेली असते, निघायची वेळ ठरलेली असते, सोबत असते, पोहोचायचं ठिकाण असतं आणि पोहोचल्यावर दर्शन असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीत यातलं काहीच नसतं. तिथं नुसता ‘चाला’ असा आदेश असतो. कधी, कुठं, कोणाबरोबर, हे सगळं रुग्णानं एकट्यानं ठरवायचं.

चालण्याची सवय कशी लागते हा प्रश्न हिंगण्यासारख्या ठिकाणीच विचारायला हवा. ऐसपैस बागा आणि तलाव ज्यांच्या दारात आहेत त्यांच्यासाठी तो निम्मा सुटलेला असतो. नागपुरात अंबाझरी आहे, फुटाळा आहे, सेमिनरी हिल्सची झाडी आहे. तिथं सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, बाहेर कारल्याचे आणि दुधीचे रस विकणारे असतात आणि परतताना तर्री-पोहे असतात. (फिरून झाल्यावरच्या तर्रीवर डॉक्टर मंडळी नाक मुरडतात. माझं मत असं, की त्या प्लेटीच्या ओढीनं एखादा रोज घराबाहेर पडत असेल तर तर्री जरा कमी घ्यावी, पण जाणं मोडू नये.) हिंगण्याचं तसं नाही. वेणा नदीकाठचं हे जुनं तालुक्याचं गाव, आणि नागपूरहून तिथं नेणारा हिंगणा रोड. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि पुढं या रस्त्यावर कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. तिच्या आधारानं नीलडोह, डिगडोह, इसासनी, वानाडोंगरी ही खेडी फुगत गेली. अभियांत्रिकी महाविद्यालयं आली, मोठी रुग्णालयं आली, भाड्याच्या खोल्या आल्या. रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि शहर बससेवेची ‘आपली बस’. या रस्त्यावर जीव मुठीत न धरता सलग अर्धा तास चालता येईल अशी जागा शोधावी लागते.

कारखान्यात काम करणारा माणूस म्हणतो, आठ तास पायावरच उभा असतो, आणखी काय चालायचं? या प्रश्नाला उडवून लावू नये. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला १९५३ सालच्या लंडनला जावं लागतं. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं तिथल्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास करून तो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. लंडनच्या बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत, रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. दोघांचा वर्ग एक, वस्ती एक, पगारात फार फरक नाही. पण हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांत बरंच जास्त निघालं, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचंही. पुढं मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या. त्यांतून दिसलं, की ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती. टपाल खात्यातही तोच प्रकार: पायी आणि सायकलीवर टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित. आज आपल्याला हे उघड वाटतं, पण तेव्हा हृदयविकाराचा आणि बसून राहण्याचा संबंध असा पुराव्यानिशी कोणी मांडला नव्हता. स्वतः मॉरिस व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले.

मग मशीनपुढं आठ तास उभ्या असलेल्या माणसाचं काय? तो कंडक्टर की ड्रायव्हर? गेल्या काही वर्षांत, विशेषतः डेन्मार्कमध्ये, या प्रश्नावर बरंच काम झालं आहे. त्याचा रोख असा, की एका जागी उभं राहणं, ओझी उचलणं, विश्रांती न मिळता तासन् तास राबणं याचा हृदयाला तसा फायदा होत नाही, उलट भारच पडतो. मोकळ्या हातांनी, आपल्या चालीनं, श्वास जरा वाढेल पण बोलता येईल असं अर्धा तास चालणं ही शरीराला मिळणारी वेगळीच गोष्ट आहे. पाळी संपवून दमलेल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. पण दमणं आणि व्यायाम होणं यांत फरक आहे, एवढं तरी त्याला कोणीतरी सांगायला हवं. निदान कंपनीच्या बसमधून एक थांबा आधी उतरून बघ, इतपत.

आकडे कोणाला चालायला लावत नाहीत. पण प्रश्न किती मोठा आहे हे त्यांच्याशिवाय कळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिकांना उच्च रक्तदाब. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने छापलेल्या अभ्यासात २०२२ साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी आढळली. त्यात पुरुष ४२ टक्के, स्त्रिया ५७ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाराही सुटत नाही. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारी छापले होते. उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपण बारीक आहोत, आपल्याला काय व्हायचंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवावा.

आणि चालण्यानं काय होतं? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना नुसता सर्वसाधारण सल्ला दिला. काहींना आहार सांभाळायला आणि रोज अर्धा तास झपझप चालायला सांगून त्यांचा सतत पाठपुरावा केला. काहींना मेटफॉर्मिनची गोळी दिली, आणि काहींना दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-चालण्याच्या गटात ३९.३ टक्क्यांना आणि गोळीच्या गटात ४०.५ टक्क्यांना. म्हणजे पथ्य आणि चालणं मिळून गोळीच्या बरोबरीला येतं, आणि हे आपल्याच देशातल्या शरीरांवर सिद्ध झालेलं आहे. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या स्वतःहून बंद करू नयेत, हेही सांगते.

इतकं माहीत असूनही माणूस निघत का नाही? इथं मला ब्रिटनमधला एक छोटा अभ्यास फार मोलाचा वाटतो. २००२ साली मिल्ने, ऑर्बेल आणि शीरन यांनी विद्यापीठातल्या २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटांचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची भीती आणि व्यायामाचे फायदे सांगणारं वाचायला दिलं. त्यांचा उत्साह वाढला, पण व्यायाम केला ३५ टक्क्यांनीच. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि शिवाय एक वाक्य लिहायला लावलं: अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन. त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी केला.

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फिरणारे सूर्योदयाचे सुविचार आणि ‘चालाल तर वाचाल’ छापाच्या भाषणांनी माणसं का हलत नाहीत, याचं उत्तर त्या मधल्या गटात आहे. प्रेरणा पुष्कळ वाटली गेली आहे. कमी पडतो तो वार, वेळ आणि जागा.

हिंगण्यात ही तीन उत्तरं सहज मिळत नाहीत, बायकांना तर नाहीच. सकाळी सहा ही जगभरच्या पुस्तकांतली फिरायची वेळ. वानाडोंगरी किंवा नीलडोहच्या घरात तीच नळाची आणि डब्याची वेळ. घरातला माणूस पहिल्या पाळीला जाणारा असेल तर पोळ्या त्याआधी व्हायला हव्यात, मुलांची शाळा त्यामागे लागलेलीच. अंधारात निघावं तर गल्लीत दिवे नाहीत, कुत्री आहेत, गळ्यातलं मंगळसूत्र सांभाळायचं आहे. एकटी बाई रस्त्यानं विनाकारण चालताना दिसली की ‘कुठं निघाली वो?’ हा प्रश्न ठरलेला. कारण सांगता आलं पाहिजे, भाजी किंवा दवाखाना किंवा देऊळ. स्वतःच्या तब्येतीसाठी निघाले, हे कारण अजून कारणात धरलं जात नाही. ५७ टक्क्यांच्या त्या आकड्यामागं हे सगळं उभं आहे. त्याला आळस म्हणणं मला अन्याय वाटतो.

ज्या बायका या भागात नियमानं चालतात, त्यांचं बघितलं तर बहुतेकींनी कारण आणि सोबत या दोन्ही गोष्टी आधी मिळवलेल्या असतात. चौघीजणी, साडीवर स्वेटर, पायात मुलाचे जुने बूट. एकीनं दुसरीच्या फाटकाशी येऊन ‘चाल वो’ म्हणायचं, दुसरीनं तिसरीच्या. ज्या दिवशी पांघरूण सोडवत नाही त्या दिवशीही बाहेर कोणीतरी उभं आहे म्हणून उठावं लागतं. वेळ सकाळची नसली तरी काही बिघडत नाही. मुलं शाळेत गेल्यावरचे साडेआठ, किंवा रात्रीची जेवणं आटोपल्यावरची शतपावली. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, हे अलीकडच्या प्रयोगांतही दिसलं आहे. सकाळी जमत नाही म्हणून चालणंच सोडून देणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

आणि खाडा पडला तर? पडतोच. पाळी बदलते, पाहुणे येतात, पोराला ताप येतो. लंडनमध्ये फिलिपा लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या नव्या सवयी रोज नोंदवल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबानं ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला हिशेबानं २५४ दिवस लागतील असं निघालं. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत केटी मिल्कमन यांच्या चमूनं एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सदस्यांवर ५४ वेगवेगळे उपाय एकाच वेळी करून पाहिले. सगळ्यांत सरस ठरला तो खाडा पडल्यानंतर परत येणाऱ्याला क्षुल्लक बक्षीस देणारा. नियमितपणाचा खरा जीव तिथं आहे, चुकल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे नेमकी उलट रीत आहे. चार दिवस न आलेल्या बाईला पाचव्या दिवशी ‘आली का महाराणी’ म्हणून टोमणा बसतो, आणि सहाव्या दिवशी ती येत नाही. तिच्यासाठी त्या दिवशी चहा ठेवावा.

दहा हजार पावलांचा धाक मात्र मनातून काढून टाकावा. हा आकडा कुठल्या वैद्यकशाळेत जन्मलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी घड्याळ-कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास छापला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. फोनवर तीन हजारांचा आकडा बघून खट्टू होणाऱ्या आजीला हे सांगा. तिनं हजार-दीड हजार पावलं वाढवली तरी पुष्कळ झालं.

हिंगणा तालुक्याची शीव वर्धा जिल्ह्याला भिडते. चालण्याच्या बाबतीत आपल्या इतका भाग्यवान शेजार क्वचितच कोणाला असेल. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून शेगावला राहायला गेले ते पायी, वयाच्या ६६ व्या वर्षी, विदर्भाच्या उन्हाळ्यात. तेच पुढं सेवाग्राम झालं. त्यांच्या चालण्याचं मूळ दांडीयात्रेत शोधलं जातं, पण ते त्याहून जुनं आहे. त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे, की शाळेत त्यांना कसरतीची आणि क्रिकेटची नावड होती, स्वभाव लाजाळू. मोकळ्या हवेत चालण्याचे फायदे पुस्तकात वाचले, ते पटले आणि सवय लागली. लंडनला शिकताना ते रोज कित्येक मैल चालत, आणि त्यात बसभाड्याचे पैसेही वाचत. सेवाग्रामला सकाळ-संध्याकाळचं फिरणं दिनक्रमात पक्कं होतं. पण त्या वेळेत नुसतं फिरणं क्वचितच होई. भेटीला आलेल्यांना वेळ दिला जाई ती चालताना, कामाची बोलणी होत ती चालताना, आणि आश्रमातली मुलं हाताला धरून असत. चालण्यासाठी वेगळा वेळ काढायची त्यांना गरज पडली नाही, कारण दिवसातलं एक कामच त्यांनी चालण्याच्या वेळेत नेऊन ठेवलं होतं.

विनोबांचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्यांचं शरीर दणकट नव्हतं. पोटाच्या जुनाट व्रणानं ते हैराण असत. मार्च १९५१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला जायचं ठरलं तेव्हा ते पवनारहून पायी निघाले. परतीच्या वाटेवर १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं, आणि मग सुमारे तेरा वर्षं ते चालतच राहिले. पहाटे अंधारात कंदिलाच्या उजेडात निघायचं, ऊन चढायच्या आत पुढच्या गावी पोहोचायचं, आणि तिथं माणसं वाट बघत असायची. पुढचं गाव रोज ठरलेलं असल्यावर आज निघावं की नाही हा प्रश्न उठायलाच जागा उरत नाही. भूदान आपल्याला करायचं नाही. पण पुढचं गाव आपणही ठरवू शकतो: मंगळवारी बाजार, शनिवारी मारुती, रविवारी बहिणीचं घर, आणि एरवी दळण.

वेळ कोणती धरावी हे विदर्भात ऊनच सांगतं. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एप्रिल-मेमध्ये इथं चालण्याची सुरुवात करणारा माणूस आठवड्यात हरतो, आणि दोष स्वतःला देतो. मेअखेर सूर्य साडेपाचला उगवतो, आठला रस्ता तापलेला असतो. सुरुवात करायची ती दिवाळीत. कार्तिकात देवळादेवळांत पहाटे काकडा होतो, म्हणजे लोक तसेही उठलेले असतात. पाडव्याला सुरू करून संक्रांतीपर्यंत नेलं तर दोन-तीन महिने होतात, लालींच्या ६६ दिवसांना बहुधा पुरून उरतील एवढे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी पायमोजे लुटावेत, अशी माझी मनापासून सूचना आहे. मग उन्हाळा येईपर्यंत पाय स्वतःहून दाराकडे वळू लागतात, आणि वेळ पहाटे पाचला किंवा रात्री नऊला सरकवणं जड जात नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वेगळाच दम, असं काही झालं तर थांबावं आणि दवाखाना गाठावा. ‘गॅस असेल’ म्हणू नये. आणि साखरेच्या रुग्णांनी कुठंही, देवाच्या वाटेवरसुद्धा, अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, फोड आलेला कळत नाही, आणि त्या फोडातून बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. देवीला बूट चालत नसतील तर ते देवळाच्या दारात काढावेत.

आता जे एकट्यादुकट्याच्या हातात नाही त्याबद्दल. हिंगणा रोडच्या दोन्ही बाजूंना कुंपणाआड किती जमीन आहे ते बघा. महाविद्यालयांची मैदानं, रुग्णालयांचे आवार, झाडं लावलेले आतले रस्ते. पहाटे तिथं ट्रक नसतात, दिवे असतात, पहारेकरी असतो. त्या संस्थांनी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास ही फाटकं आसपासच्या वस्तीसाठी, निदान बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी उघडावीत. नाव-पत्ता लिहून घ्यावा, ओळखपत्र द्यावं. जी रुग्णालयं दिवसभर साखरेचे आणि रक्तदाबाचे रुग्ण तपासतात, त्यांनी तर ही गोष्ट उपचाराचाच भाग मानावी. ‘चालायला जा’ असं सांगणाऱ्यानं चालायला जागा दाखवली तर त्याच्या शब्दाला वजन येईल.

आणि मेट्रो. २८ जानेवारी २०२० ला सीताबर्डी ते लोकमान्यनगर गाडी सुरू झाली आणि या रस्त्यावरच्या माणसांना बऱ्याच वर्षांनी पायी जाण्यासाठी एक रोजचं ठिकाण मिळालं. स्वतःची गाडी दारातून निघते, मेट्रो स्टेशनवरून. त्या मधल्या अंतरात व्यायाम आपोआप होतो. अमेरिकेतल्या २००१ च्या प्रवास-पाहणीत सार्वजनिक वाहनांनी जाणारी माणसं निव्वळ थांब्यापर्यंत ये-जा करताना मध्यम हिशेबानं दिवसाला १९ मिनिटं चालत होती, कुठलाही निश्चय न करता. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यात लोकमान्यनगर ते हिंगणा हा ६.७ किलोमीटरचा, सात स्टेशनांचा मार्ग आहे. या प्रत्येक स्टेशनापासून वस्तीपर्यंत सलग फुटपाथ, रात्री दिवे, कडेला कडुलिंब आणि रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा असावी, ही मागणी नगरपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या बैठकीत आतापासूनच लेखी द्यायला हवी. स्टेशनखाली आधी गाड्यांचा तळ आणि मग जमलं तर पायवाट असा क्रम लागला, तर दोन-तीनशे मीटरसाठीही लोक किक मारूनच येतील.

अर्जावर सह्या लागतील. सकाळी फाटकाफाटकाशी ‘चाल वो’ म्हणत फिरणाऱ्या बायकांनी तो कागद सोबत ठेवावा.